उजव्या हाताची सुट्टी

"दुखस," अक्का म्हणत आणि उजवा हात किंचित वर उचलून दाखवत.

दारात कोणी परात घेऊन, डबा घेऊन किंवा नुसतंच हसत उभं राहिलं, की ते माणूस तोंड उघडायच्या आत हात वर. कण्हणं नाही, तक्रारीचा सूर नाही. दुकानदार दुपारी फळी लावून घेतो तितक्या शांतपणे. समोरचं माणूस "बरं बरं, बसा तुम्ही" म्हणून माघारी जाई. मग अक्का तो हात पुन्हा मांडीवर ठेवत, डाव्या तळव्याने झाकत आणि मेहरूण तळ्याकडे जाणारी माणसं बघत बसत.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. आपल्या समोरच्या घरातल्या आजी. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आला होतात तेव्हा त्यांच्या मागच्या अंगणात रांगेने बसून तुम्ही मांडे होताना पाहिले होते, आणि धाकटीने विचारलं होतं, ही पोळी आहे की चादर. तेव्हा त्यांचा हात चांगला होता. तुम्हाला आठवत असेल तो तोच हात.

मागच्या रविवारी फोनवर मोठीने मला बजावलं, "आजी, हाड जुळल्यावरही दुखत राहिलं तर व्यायामच करायचा असतो. जपून ठेवलंस तर दुखणं वाढतं." माझ्या घोट्याबद्दल ती बोलत होती. तिचं म्हणणं खरं आहे. ते मी माझ्या जेवणाच्या टेबलावर घडताना पाहिलं आहे. त्याच्या पुढचंही पाहिलं आहे, आणि ते डॉक्टरांच्या पुस्तकात नसावं, म्हणून लिहिते.

अक्कांचं माहेर धुळ्याजवळचं. माझ्याशी त्या आपल्या गावातली मराठी बोलत, पण जिवाशी आलेली गोष्ट अहिराणीतच निघे. चांगल्या दिवसांत त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बठ्ठं बरं शे." सगळं ठीक आहे. गॅस संपला, पाहुणे न सांगता आले, नाना संतापले, सगळ्यावर तेच.

नाना म्हणजे त्यांचे यजमान. शेतीच्या पाइपांचं दुकान, ओळखी भरपूर, आणि माणसं घरी जेवायला आणायचा भारी सोस. "आमच्याकडे मांडे खायला या," हे ते नमस्कारासारखं म्हणत. मांडे अक्का करत. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, कणीक तासभर तिंबायची, पुरण भरून गोळा दोन्ही तळव्यांवर खेळवायचा. तो वाढत वाढत मनगटांवर, मग कोपरांपर्यंत येई, आरपार दिसेल इतका पातळ होई, आणि त्या तो चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकत. एकदाही फाटला नाही. नाना पाहुण्यांना चुलीपाशी आणून दाखवत. "हात बघा," म्हणत. हाताच्या मालकिणीची ओळख करून द्यायचं बहुधा राहून जाई.

तो हात मोडला आखाजीला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्का कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या, कारण आखाजीलाच घरी मांड्यांचं काम सर्वांत जास्त. त्या वर्षी भावाने फार आग्रह केला म्हणून गेल्या. साठीच्या बाईने कडुलिंबाच्या झाडाचा झोका पाहिला, पदर खोचला आणि उभी राहिली झोक्यावर. भाच्या हसत होत्या, त्या आणखी उंच जात होत्या. "झोकाले काय वय ऱ्हास?" असं त्या वरून ओरडल्या म्हणे. मग पाय निसटला.

उजवं मनगट. दवाखान्यात त्या हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या.

आता बघा हं, बाई मोरीत घसरून पडली, चुलीपाशी पडली, पाण्याची घागर घेऊन पडली, तर तिच्या हाडाला घरात मान मिळतो. हळदीचं दूध मिळतं. अक्का झोक्यावरून पडल्या. नाना आल्यागेल्याला सांगत, "वय काय, करतेय काय. झोक्यावरून पडली." पाहुणे हसत. एकाने तर म्हटलं, "अक्का, पुढच्या आखाजीला पाळणाच बांधू." अक्काही हसत. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून त्या सगळ्यांना चहा विचारत.

प्लास्टर निघालं तेव्हा हात पाहवेना. काठीसारखा झालेला, कातडी चकचकीत, बोटं सुजलेली आणि सरळ होईनात. पोळपाटाला नुसता धक्का लागला तरी आग खांद्यापर्यंत जाई. डॉक्टरांनी फोटो पाहिला, हाड उत्तम जुळल्याचं सांगितलं. नानांनी तेवढंच वाक्य घरी आणलं.

"हाड जुळलंय म्हणतात. मग दुखतंय काय?"

याचं उत्तर द्यायला डॉक्टरांनी अक्कांना एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तरुण मुलगी, नुकता दवाखाना थाटलेली. अक्कांबरोबर मी गेले होते. तिने हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट हळूच चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, हाड बरं झालंय, पण हात भ्यालाय. त्याला वाटतं अजून मोडलेलाच आहे. रोज थोडं थोडं हलवून त्याला पटवायचं."

"आणि दुखलं तर?"

"दुखेल. थोडं दुखलेलं चालतं. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं, तर व्यायाम कमी करायचा. बंद करायचा नाही."

गरम पाण्यात हात बुडवायचा, मूठ मिटायची-उघडायची, टेबलाच्या कडेवरून तळवा खाली-वर करायचा, लाटणं उभं धरून मनगट दोन्हीकडे फिरवायचं, ओला टॉवेल पिळायचा, मऊ चेंडू दाबायचा.

चेंडूवर घरात सगळं अडलं. पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, "आधी झोका, आता चेंडू. उद्या विटीदांडू आणून देतो." सून हसली, तिची मुलगी हसली, अक्काही हसल्या आणि चेंडू फडताळात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घर झोपल्यावर, पदराखाली चेंडू घेऊन त्या माझ्या दारात उभ्या होत्या. "बाई, तुमच्याकडे कोणी हसणारं नाही ना?"

माझ्याकडे हसणारं कोणी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी टेबल पुसून घेतलं, पाणी गरम केलं, आणि आमची दुपारची शाळा सुरू झाली. मी वेळेच्या बाबतीत कडक आहे, तुमच्या आईने ते भोगलेलं आहे. अक्का कुरकुरत. मनगटाशी त्या नव्या सुनेशी बोलावं तसं बोलत. "चाल वं बाई, फिर जरा. लाजू नको. आता इकडे. आली की नाही?" टॉवेल पिळताना मात्र त्या गप्प असत आणि डोळ्यांतून पाणी वाहत असे. मी खिडकीबाहेर बघत बसे.

सुरुवातीला काहीच होईना. एका दिवशी बरं वाटलं म्हणून त्यांनी दुप्पट व्यायाम केला, तर पुढचे दोन दिवस हात ठणकत राहिला. "सोडून देते," म्हणाल्या. मी त्या मुलीला फोन लावून दिला. तिने पुन्हा तेच सांगितलं, कमी करा, बंद करू नका. मग आम्ही कमी केला.

आणि मग एका दुपारी मी चहा गाळणार, तोच अक्कांनी भांडं उचललं. उजव्या हाताने. चहा दोन्ही कपांत ओतला, भांडं खाली ठेवलं. आम्ही दोघींनी चहा प्यायला. त्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. बोललो असतो तर भांडं सांडलं असतं असं मला वाटत होतं.

त्यानंतर दुखणं हळूहळू मागे सरत गेलं. पुरतं गेलं नाही. थंडीत, जास्त काम झालं की जागं होई. पण त्या उजव्या कुशीवर झोपू लागल्या, वेणी घालू लागल्या. कासाराकडे जाऊन उजव्या हातात बांगड्या भरून आल्या, हिरव्या, आणि टेबलावर हात ठेवून मला वाजवून दाखवल्या. त्या मुलीने कणकेचा लहान गोळा मळायची परवानगी दिली. मळता मळता एक दिवस म्हणाल्या, "बाई, पुरण आहे का घरात?"

पुरण नव्हतं, आम्ही शिजवलं. खापर नव्हतं, गॅसवर लोखंडी कढई उपडी ठेवली. अक्कांनी एकच गोळा घेतला. तो तळव्यांवर आला, मनगटांवर आला, कोपरापर्यंत पोचताना एका कडेला फाटला. आयुष्यात पहिल्यांदा. त्या इतक्या हसल्या की मांडा कढईवर वाकडा पडला. आम्ही तो दुधात बुडवून खाल्ला. अक्कांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हाऊ मना हात शे." हा माझा हात आहे.

हे त्या म्हणत असताना त्यांची सून आमची चाळणी परत द्यायला दारात आली होती.

सुनेला मी दोष देत नाही. तिला खरोखर आनंद झाला. ती धावत घरी गेली आणि सासऱ्यांना सांगितलं, "नाना, आईंचा हात बरा झाला. मांडे करताहेत." यात वाईट काय आहे? आनंदाचीच बातमी होती. नातीचा साखरपुडा ठरलेला, मुलाकडची मंडळी धुळ्याहून यायची होती. सून बचतगटाच्या बायकांना मांड्यांचं सांगणार होती. नाना म्हणाले, "घरात हात असताना बाहेरच्या बाया?"

अक्का मला म्हणाल्या, "नात आहे हो. एक दिवसाचा तर प्रश्न."

मी त्या फिजिओ मुलीच्या बोलण्याची आठवण करून दिली. थोडं थोडं. त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना थोडं थोडं कसं वाढणार?"

साखरपुड्याच्या दिवशी मी त्यांच्या अंगणात होते. सकाळपासून त्या चुलीपुढे. परातभर कणीक सुनेने तिंबून दिली, पण खापरावर टाकायचं काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. पहिले मांडे देखणे झाले. नाना व्याह्यांना घेऊन आले, "हात बघा," म्हणाले. व्याही म्हणाले, "वा." दुपारकडे अक्का प्रत्येक मांड्यानंतर मनगट पोटाशी दाबून धरू लागल्या. मी सुनेला खूण केली. सुनेने विचारलं, "आई, थांबायचं का?"

अक्कांनी नानांकडे पाहिलं. नाना पंगतीत आग्रह करत होते.

"बठ्ठं बरं शे," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला होता. हिरव्या बांगड्या रुतल्या, त्या वाढवाव्या लागल्या. अक्कांना कंगवा धरता येईना. नाना दाराशी उभे राहून म्हणाले, "काल तर झकास फिरत होता. आज काय झालं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखर कळत नव्हतं त्यांना. मोडलेलं असेल तर मोडलेलं, जुळलं असेल तर जुळलेलं. मधलं काही असतं, हे त्यांच्या पाइपांत कधी आलं नव्हतं.

ती फिजिओ मुलगी मुळीच घाबरली नाही. म्हणाली, "एकदा बरा झालाय म्हणजे पुन्हा होईल. पहिल्यापासून सुरू करू. या वेळी लवकर येईल."

सूज उतरल्यावर मी दुपारी पाणी गरम करून ठेवलं. अक्का आल्या. खुर्चीत बसल्या. हात मांडीवरच.

"अक्का, पाणी निवतंय."

"राहू द्या बाई."

"आज नको असेल तर उद्यापासून करू."

"उद्याही नको." त्यांनी डाव्या हाताने पाण्याचं भांडं दूर सरकवलं. मग म्हणाल्या, "बरा व्हयना का मना ऱ्हास नही."

बरा झाला की तो माझा राहत नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. मला लगेच तोडगा सुचला. "मग इथे व्यायाम करा आणि घरी दुखतं म्हणून सांगा."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. "याच हाताने देवाला दिवा लावते मी. दुखत नसताना दुखतं म्हणू? ते मला नाही जमायचं."

"मग नाही म्हणा. मांडे करायचे नाहीत म्हणून सांगा."

यावर त्या हसल्या. "नही म्हनाले कारन लागस, बाई. 'मला नको' हे कारण आहे का आमच्या घरात? 'दुखतं' हे कारण आहे. आता ते पाहिलंय त्यांनी. सुजलेलं पाहिलंय. आता मानतात."

"पण तुम्हाला खरंच दुखत राहील."

"हो ना," त्या म्हणाल्या. "खरंच दुखलं पाहिजे. नाहीतर खोटं होईल."

पाणी निवून गेलं. मी ते झाडांना घातलं.

पुढे काय होणार ते त्या फिजिओ मुलीने सांगितलं होतं, तसंच झालं. न हलवलेला हात आणखी भ्याला. बोटं आत वळत गेली, मनगट गोठलं, दुखणं खांद्यात जाऊन बसलं. वाऱ्याने पदर हाताला घासला तरी त्यांचा चेहरा पांढरा पडे. त्या मुलीने एकदा मला फोन केला. "आजी येत का नाहीत? त्यांचा हात सुधारणारा आहे."

मी म्हटलं, "त्यांना सुधारायचा नाही."

"असं कोणी असतं का?" ती म्हणाली. ती फार लहान आहे.

आणि सुट्टीही मिळाली, हेही लिहिलं पाहिजे. अक्का व्हरांड्यात खुर्ची टाकून बसू लागल्या. पाहुणे आले तरी उठत नसत. संध्याकाळी माझ्याबरोबर तळ्यापर्यंत फिरायला येत, हात पदराच्या झोळीत. पाण्यावरचे पक्षी बघत. एकदा म्हणाल्या, "हे तळं इतकं मोठं आहे, मला माहीतच नव्हतं." लग्न होऊन जळगावात आल्यापासून त्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होत्या.

घरात आता बचतगटाचे मांडे येत. नाना पाहुण्यांना वाढताना सुस्कारा सोडून सांगत, "आमच्या हिच्या हातचे खायला हवे होते तुम्ही. काय हात होता." होता. हाताची मालकीण व्हरांड्यात बसून ते ऐकत असे. एखादा पाहुणा बाहेर येऊन चौकशी करी, "अक्का, आता कसा आहे हात?"

"दुखस."

ते अगदी खरं असे. दुखऱ्या दिवशी तर त्या शब्द पुरा करायच्या आत ओठ घट्ट मिटून घेत. मी बाजूला बसलेली असे. खोटं बोलायचं नाही म्हणून एवढी किंमत देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि मला त्याचं कौतुक करता येत नाही. मला त्या लिंबाच्या झाडाचाही राग येतो, पाइपांच्या दुकानाचाही, आणि 'बठ्ठं बरं शे' या तीन शब्दांचाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अक्का गेल्या. छातीत कळ आली. चहाचा कप डाव्या हातात होता.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, हिरव्या बांगड्या आणल्या. डावा हात सहज भरला. उजव्याचा अंगठा तळव्यात दाबता येईना, बोटं तशीच आत वळलेली. कोणी साबण आणला, कोणी तेल. एका बाईने हात गुडघ्यावर घेतला. "जरा जोर लावू," ती म्हणाली. "आता काय होणार आहे."

नाना दारात उभे होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "दुखतो तो हात."

बाईने हात खाली ठेवला. सुनेने उरलेल्या बांगड्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवल्या, आणि अक्कांना उचललं तेव्हा वाजला तो डावाच.